८ व १६ मिमी फिल्म स्कॅनर: फर्मवेअर बदलाच्या नोंदी, नागपूर

१२ मे २०२४

फर्मवेअरला, म्हणजे यंत्राच्या चिपमधल्या प्रोग्रॅमला, हात लावण्याआधी यंत्र आज जसे आहे तसे लिहून ठेवत आहोत. साधी ८ मिमी, सुपर ८ आणि १६ मिमी अशा तिन्ही फिल्म यावर चालतात. चित्र टिपायला रास्पबेरी पाय ४ आणि त्याचा एचक्यू कॅमेरा, आत सोनीचा आयएमएक्स४७७ सेन्सर, ४०५६ गुणिले ३०४० पिक्सेल. फिल्म ओढण्याचे काम अर्डुइनो नॅनोकडे. त्यावर ॲटमेगा३२८पी चिप, पुढे ए४९८८ ड्रायव्हर आणि नेमा १७ मोटर. मोटरची स्टेप १.८ अंशांची, ती सोळा भागांत मोडली आहे, म्हणजे एका फेऱ्याला ३२०० स्टेप. दात नसलेला कॅपस्टन, म्हणजे फिल्म ओढणारा रूळ, हिंगणा एमआयडीसीत लेथवर काढून घेतला, व्यास २०.०० मिमी.

फिल्मची जाडी साधारण ०.१५ मिमी. कॅपस्टनवर फिल्म वळते तेव्हा तिची लांबी जाडीच्या मध्यावर धरायची असते, म्हणून हिशेबाचा व्यास २०.१५ मिमी. परीघ ६३.३० मिमी, आणि मिलिमीटरला ५०.५५ स्टेप. सुपर ८मध्ये एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंत ४.२३४ मिमी, म्हणजे फ्रेमला २१४.०३ स्टेप. साध्या ८ मिमीत ३.८१ मिमी, १९२.६० स्टेप. १६ मिमीत ७.६२ मिमी, ३८५.१९ स्टेप.

जुने फर्मवेअर अपूर्णांक ठेवत नाही, २१४, १९३ आणि ३८५ असे पूर्ण आकडे धरते. छिद्रे शाबूत असतील तोवर छिद्रे ओळखणारा सेन्सर प्रत्येक फ्रेमला चूक सावरून घेतो. छिद्रे फाटलेल्या भागात मात्र सेन्सर आंधळा होतो आणि मोटर नुसत्या हिशेबावर चालते. साध्या ८ मिमीत दर फ्रेमला ०.४ स्टेप जादा जाते. सलग १०० फ्रेम फाटक्या निघाल्या की ४० स्टेप, म्हणजे ०.८ मिमी. त्या फिल्मवर चित्राची उंची साडेतीन मिमीच्या आसपास. जवळजवळ पाव फ्रेम सरकलेली दिसते.

नव्या फर्मवेअरमध्ये तीन गोष्टी हव्यात: अपूर्णांक, अडकल्यास स्वतःला रीसेट करणारा वॉचडॉग, आणि फिल्मचा ताण सुटताच मोटर व दिवा बंद होणे.

घाई करायची नाही याचे कारण रिळांमध्येच आहे. घरगुती ८ मिमी चित्रण बहुतेक रिव्हर्सल फिल्मवर झालेले असते. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्मच धुऊन प्रोजेक्टरवर चढवायची. नेगेटिव्ह नसते, दुसरी प्रत नसते. एखाद्या घरातले आजोबा चालताना-बोलताना जगात फक्त त्या १५ मीटरवर असतात.

१५ मे २०२४

आजचे काम एवढेच: परतीची वाट तयार करणे. चिपमध्ये जे काही आहे ते सगळे बाहेर काढून ठेवले.

यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर (चिपमधले थेट वाचणारे-लिहिणारे उपकरण) नॅनोच्या सहा पिनांच्या हेडरला जोडला. त्याआधी मोटरचा १२ व्होल्टचा पुरवठा काढला. या यंत्रात ड्रायव्हरची स्टेप पिन डी१३वर आहे आणि तीच पिन प्रोग्रॅमरची क्लॉक लाइन आहे. मोटरला वीज असती तर प्रोग्रॅमरच्या दर ठोक्याला मोटर एक स्टेप सरकली असती. गेटमध्ये (कॅमेऱ्यासमोर फिल्म धरणाऱ्या खाचेत) फिल्म असताना असे झाले तर ती ओढली जाईल, म्हणून पहिला नियम: फिल्म काढलेली, १२ व्होल्ट काढलेले, मग प्रोग्रॅमर. मोटरची वायर मात्र चालू पुरवठ्यावर कधीही उपसायची नाही, ए४९८८ तिथल्या तिथे जळतो.

प्रोग्रॅमर चालवणाऱ्या ॲव्हरड्यूड या सॉफ्टवेअरने आधी चिपची ओळख वाचली: १ई ९५ ०एफ, बरोबर. मग फ्लॅश (प्रोग्रॅमची जागा) ३२ केबी पूर्ण, ईईप्रॉम (आकडे साठवायची जागा) १०२४ बाइट पूर्ण, तिन्ही फ्यूज आणि लॉक बाइट. हे फ्यूज म्हणजे वितळणारी तार नव्हे, चिपच्या वागणुकीचे बिट आहेत. लो एफएफ, हाय डीए, एक्स्टेंडेड एफडी.

प्रत्येक गोष्ट दोनदा वाचली आणि दोन्ही फाइली बाइट-बाइट ताडून पाहिल्या. सैल जंपर वायरमुळे एखादा बिट चुकीचा वाचला जातो आणि एकदाच वाचले तर ते कळत नाही. फाइलींचे एसएचए-२५६ (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढले, एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर.

ईईप्रॉमची सुरुवात अशी आहे: डी६ ००, सी१ ००, ८१ ०१. आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे, आणि लहान बाइट आधी, म्हणून उलटे वाचायचे. डी६ म्हणजे २१४, सी१ म्हणजे १९३, १८१ हेक्स म्हणजे ३८५. फ्रेमच्या तीन स्टेप-संख्या. पुढे सेन्सरची मर्यादा, दिव्याची तीव्रता, ताण-भुजेचे (फिल्मचा ताण जोखणाऱ्या दांडीचे) शून्यस्थान. हे आकडे वहीत हातानेही उतरवले. फ्लॅशमधला प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करता येतो, पण कॅलिब्रेशनचे हे आकडे फक्त इथेच आहेत.

१८ मे २०२४

फर्मवेअर चढत असताना चिपच्या बहुतेक पिना तरंगत्या, म्हणजे ना हाय ना लो, असतात. त्या काळात ड्रायव्हर आणि दिवा काय करतात ते तपासले.

ए४९८८च्या मॉड्यूलवर एनेबल पिन जमिनीकडे ओढलेली असते आणि ती लो असली की ड्रायव्हर चालू. म्हणजे नॅनो काही बोलत नसेल तेव्हा मोटर बंद नसून चालू असते. शिवाय बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्रॅम चढवून घेणारा चिपमधला छोटा प्रोग्रॅम) सुरू होताना डी१३वरची एलईडी लुकलुकवतो आणि आपली स्टेप पिन तीच. लीडर (फिल्मच्या टोकाची कोरी पट्टी) लावून पाहिले: बोर्ड रीसेट केला की कॅपस्टन दोन-तीन स्टेप सरकतो. फार नाही, पण गेटमध्ये चिकटलेली जुनी फिल्म असेल तर एवढाही झटका नको.

उपाय स्वस्त आहे. एनेबलवरून ५ व्होल्टला १० किलोओहमचा रोधक, स्टेपवरून जमिनीला १० किलोओहम, दिव्याच्या मॉसफेटच्या गेटवरून जमिनीला १० किलोओहम. मॉड्यूलवरचा रोधक १०० किलोओहमचा असल्याने आपला १०चा जिंकतो, एनेबलवर साडेचार व्होल्ट दिसतात. आता रीसेटच्या वेळी मोटर सैल, दिवा बंद. दिव्याचा रोधक विसरू नये. पूर्ण तेजाने पेटून राहिलेला दिवा एकाच थांबलेल्या फ्रेमवर पडत राहतो.

स्टेपची पिन डी१३वरून हलवायचा मोह झाला. हलवली नाही. वायर बदलली तर जुने फर्मवेअर या यंत्रावर चालणार नाही, म्हणजे १५ तारखेला बांधलेली परतीची वाट आपणच बंद करू.

२१ मे २०२४

सीताबर्डीतून दुसरा नॅनो आणला, हा जोड बोर्ड. सीएच३४० चिपवाला. जुने फर्मवेअर आणि ईईप्रॉम आधी यावर चढवून पाहायचे. बॅकअप घेतला म्हणजे काम झाले असे नाही, तो बॅकअप दुसऱ्या बोर्डावर उतरून यंत्र चालले तरच तो बॅकअप.

प्रोग्रॅम आपल्याकडच्या कंपाइल केलेल्या फाइलमधून यूएसबीनेच चढवला. ती फाइल १५ तारखेच्या फ्लॅशशी आधी ताडली, शेवटच्या बाइटपर्यंत जुळली. ईईप्रॉम यूएसबीएएसपीने लिहिला. नुसता ईईप्रॉम लिहिताना ॲव्हरड्यूड चिप पुसत नाही, फ्लॅश लिहिताना पुसतो.

पडताळणीसाठी ईईप्रॉम यूएसबीवरून, म्हणजे बूटलोडरमार्फत, परत वाचला. यायला हवे होते डी६ ००. आले ०सी ९४. ही जोडी ओळखीची आहे. एव्हीआर चिपचा 'जंप' हुकूम असाच दिसतो आणि फ्लॅशच्या पहिल्या पत्त्यावर तोच असतो. ५१२ बाइटांच्या छोट्या बूटलोडरमध्ये ईईप्रॉमचा भाग सहसा वगळलेला असतो. ईईप्रॉम मागितला तरी तो फ्लॅशच वाचून देतो आणि ॲव्हरड्यूड 'यशस्वी' म्हणते. १५ तारखेला अशा बोर्डावर यूएसबीवरून बॅकअप घेतला असता तर ईईप्रॉम नावाच्या फाइलमध्ये कॅलिब्रेशनचा एक बाइटही नसता. यूएसबीएएसपीने पुन्हा वाचले: डी६ ००, सी१ ००, ८१ ०१.

जोड बोर्ड यंत्रात बसवला, पांढऱ्या लीडरवर ५०० फ्रेम चालवल्या. जुना बोर्ड आणि जोड बोर्ड यांत फरक नाही. या बोर्डाचा हाय फ्यूज डीई आहे, मूळ बोर्डाचा डीए. नोंद केली.

२४ मे २०२४

नवे फर्मवेअर जोड बोर्डावर. सुपर ८ आणि साधी ८ मिमी बरोबर. १६ मिमी फ्रेमच्या एक तृतीयांशच सरकते.

कारण हिशेबात सापडले. अपूर्णांक ठेवण्यासाठी स्टेप-संख्येला २५६ने गुणून १६ बिटांच्या जागेत ठेवले होते. सुपर ८: २१४.०३ गुणिले २५६ म्हणजे ५४७९२, बसते. १६ मिमी: ३८५.१९४ गुणिले २५६ म्हणजे ९८६१०. १६ बिटांत ६५५३५च्या वर काही मावत नाही. त्यातून ६५५३६ गळाले, उरले ३३०७४, भागिले २५६ म्हणजे १२९.२ स्टेप. कंपाइलरने एक शब्द काढला नाही.

२५६ऐवजी १२८ने गुणले. आता ५११.९९ स्टेपपर्यंत जागा आहे. सुपर ८ला २७३९६, साध्या ८ मिमीला २४६५२, १६ मिमीला ४९३०५. अपूर्णांकाची बारीकी १/१२८ स्टेप, म्हणजे मिलिमीटरचा सहा हजारावा भाग. त्याहून जास्त फरक फिल्म दोन अंश गरम झाली तरी पडतो.

तिन्ही मापांवर फिल्म न लावता कॅपस्टनवर खुणेची पट्टी चिकटवून पुन्हा मोजले. बरोबर.

२५ मे २०२४

आजपासून नवतपा, उन्हाळ्याचे सर्वात तापाचे नऊ दिवस. दुपारी काम नाही, सकाळी नऊच्या आत आटपायचे.

उलटी चाचणी: जोड बोर्डावर नवे फर्मवेअर चालून झाल्यावर यूएसबीवरून परत जुने चढवले, ईईप्रॉमला हात न लावता. एखाद्या रात्री घाईत कोणीही हेच करेल. लीडर लावून एक फ्रेम पुढे जाण्याचा हुकूम दिला. कॅपस्टन थांबेचना. सेकंदाला ८०० स्टेपच्या वेगाने ३४ सेकंद चालून ५४ सेंटिमीटर लीडर पलीकडे गेला, मग थांबला.

जुने फर्मवेअर ईईप्रॉममधला २७३९६ हा आकडा वाचते आणि त्याला त्या १२८ची काही माहिती नसते. त्याच्या लेखी फ्रेमला २७३९६ स्टेपच आहेत. त्याने १२८ फ्रेम एका दमात ओढल्या. टेक-अप रीळ मोकळे होते म्हणून लीडर नुसता जमिनीवर पडला. आकसलेली, वाकलेली फिल्म गेटमध्ये असती तर छिद्रे फाटली असती किंवा फिल्मचा जोड सुटला असता.

यावरून ईईप्रॉमची मांडणी बदलली. जुन्याची जागा ० पत्त्यापासून, तिला नवे फर्मवेअर हात लावणार नाही. नवे आपले आकडे ५१२ पत्त्यापासून ठेवेल. आधी दोन ओळखीचे बाइट, मग मांडणीचा क्रमांक, मग आकडे, शेवटी सीआरसी-१६ (आकडे बिघडले का ते कळवणारी बेरीज). ओळख किंवा सीआरसी चुकली तर मोटर सुरूच करायची नाही, चूक कळवून थांबायचे. शिवाय दोन्ही फर्मवेअरवर एक कडक मर्यादा: एका हुकुमाला ४५० स्टेपच्या वर जायचे नाही. जुन्यात ही एकच ओळ घातली, आणि आता तेच 'परतीचे' फर्मवेअर. त्याच्यासह उलटी चाचणी पुन्हा केली, चार वेळा. चारही वेळा एक फ्रेम म्हणजे एकच फ्रेम.

सगळ्या कामात सर्वात मोलाचा दिवस हाच.

२७ मे २०२४

विजेची बाजू. नॅनोची ५ व्होल्टची पिन मोजली. यूएसबीची वीज बोर्डावर एका डायोडमधून येते, त्यात थोडे व्होल्ट जातात. लॅपटॉपला थेट जोडल्यावर ४.६२, स्वस्त हबमधून ४.४१. ही चिप १६ मेगाहर्ट्झवर नीट चालायला पावणेचारच्या वर व्होल्ट हवेत, पण एफडी फ्यूजप्रमाणे ती २.७ व्होल्टपर्यंत खाली गेली तरी थांबत नाही. मधल्या पट्ट्यात ती चालते खरी, पण काय लिहील याचा भरवसा नाही. वीज जाता-येता ईईप्रॉममधले आकडे बिघडण्याचे नेहमीचे कारण हेच. मर्यादा ४.३ व्होल्टला न्यायची, म्हणजे एक्स्टेंडेड फ्यूज एफसी, आणि ५ व्होल्ट यूएसबीवरून न घेता वेगळ्या ॲडॉप्टरवरून थेट ५ व्होल्टच्या पिनेला द्यायचे. बोर्डावरच्या डायोडमुळे ही वीज लॅपटॉपकडे उलटी जात नाही.

कूलर: खोलीतला कूलर आणि यंत्र एकाच लाइनवर होते. कूलरचा पंप आणि पंखा सुरू होताना दिवा हलतो. यंत्र वेगळ्या लाइनवर घेतले. तसाही फिल्मच्या खोलीत कूलर नकोच. खसच्या ताट्यांतून येणारी ओली हवा आपल्याला सुखाची, पण फिल्मला ३० ते ५० टक्के आर्द्रता पुरे.

अपडेट चालू असताना लाइट गेली तर काय, हा प्रश्न लोक पहिला विचारतात. यूएसबीवरून अपडेट असेल तर फारसे काही नाही. बूटलोडर स्वतःच्या राखीव जागेत असतो, अर्धा प्रोग्रॅम चढून थांबला तरी तो शाबूत राहतो, पुन्हा चढवायचे. १४ केबी चढायला आणि पडताळायला काही सेकंद लागतात. प्रोग्रॅमरने थेट लिहिताना मात्र बूटलोडरही पुसलेला असतो, तेव्हा लॅपटॉप बॅटरीवरच हवा.

केबल: चार्जिंगपुरत्याच तारा असलेल्या दोन केबल पेटीतून काढून फेकल्या.

२८ मे २०२४

सकाळी ६. फिल्म काढलेली, १२ व्होल्ट काढलेले, लॅपटॉप बॅटरीवर. मूळ बोर्डावर नवे फर्मवेअर यूएसबीवरून, ५७६०० बॉडच्या (बोर्डाशी बोलण्याच्या) वेगाने. चढले, पडताळणी झाली. मग बोर्डावरची एलईडी फडफडू लागली आणि पोर्टवरून उत्तर येणे बंद झाले. रीसेटचे बटण दाबले, तेच. पुन्हा चढवायला गेलो तर 'नॉट इन सिंक'.

दोन चुका एकमेकींत अडकल्या होत्या. पहिली नव्या फर्मवेअरमधली. सुरू होताना ते ताण-भुजा शून्यस्थानी येण्याची वाट पाहते आणि त्या वाट पाहण्यात वॉचडॉगला थोपटत नाही, म्हणजे 'मी अडकलेलो नाही' अशी खूण देत नाही. जोड बोर्डाच्या चाचण्यांत १२ व्होल्ट चालू असायचे, भुजा लगेच जागेवर यायची. आज आपल्याच नियमाप्रमाणे १२ व्होल्ट बंद, भुजा हलणार कशी? दोन सेकंदांनी वॉचडॉगने रीसेट केले.

दुसरी चूक बूटलोडरची. वॉचडॉगमुळे रीसेट झाल्यावर या चिपमध्ये वॉचडॉग चालूच राहतो आणि त्याची मुदत सर्वात लहान, १६ मिलिसेकंद, होते. नॅनोचा जुना, २ केबीचा बूटलोडर तो बंद करत नाही. स्वतःचे काम सुरू करेपर्यंत १६ मिलिसेकंद संपतात आणि परत रीसेट. रीसेटच्या बटणाने ती खूण पुसली जात नाही, वीज पूर्ण काढावी लागते. छोटा, ५१२ बाइटांचा ऑप्टिबूट सुरुवातीलाच वॉचडॉग बंद करतो, म्हणून जोड बोर्डावर हे कधी दिसलेच नाही.

२१ तारखेला दोन बोर्डांचे हाय फ्यूज वेगळे असल्याचे लिहिले होते, डीए आणि डीई. तो फरक बूटलोडरच्या आकाराचाच आहे. लिहिला, पण त्याचा अर्थ पुढे नेला नाही. जोड बोर्ड मूळ बोर्डाचा जुळा हवा: तोच बूटलोडर, तेच फ्यूज. नाहीतर त्यावरची चाचणी दुसऱ्याच यंत्राची ठरते.

आज एवढ्यावर थांबलो. जोड बोर्ड यंत्रात, मूळ बोर्ड बाहेर.

३० मे २०२४

मूळ बोर्डाची दुरुस्ती टेबलावर. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर.

वीज पूर्ण काढून पुन्हा दिली, यूएसबीएएसपी जोडला. सर्वात आधी ईईप्रॉम पुन्हा वाचला आणि १५ तारखेच्या फाइलशी ताडला. ०पासूनचा जुना भाग जसाच्या तसा. मग हाय फ्यूज डीए होता तो डी२ केला. यातला बदललेला बिट ईईसेव्ह. चिप पुसली जाताना ईईप्रॉम वाचवायचा की नाही हे तो ठरवतो आणि नॅनोवर तो मुळात 'वाचवू नको' असाच असतो. हा बिट आधी लिहायचा, चिप नंतर पुसायची. उलट केले तर कॅलिब्रेशन गेले.

मग चिप पुसून ऑप्टिबूट लिहिला. त्याची जागा लहान आणि वेगळ्या पत्त्यावर, म्हणून हाय फ्यूज डी६. हा म्हणजे नेहमीचा डीई, ईईसेव्हसह. एक्स्टेंडेड एफसी. लो फ्यूजला हात नाही, तो चुकला तर चिप नसलेल्या घड्याळाची वाट पाहत बसते. लॉक बाइट असा की बूटलोडरची जागा प्रोग्रॅमला लिहिता येऊ नये. अर्डुइनोच्या खिडकीतला 'बर्न बूटलोडर' वापरला नाही. तो आपले ठरलेले फ्यूज लिहितो आणि ईईसेव्ह परत बंद करून ठेवतो.

ईईप्रॉम वाचला: डी६ ००, सी१ ००, ८१ ०१. वाचला, दोन्ही अर्थांनी.

फर्मवेअरमध्ये भुजेची वाट पाहताना वॉचडॉगला थोपटायचे, आणि पाच सेकंदांत भुजा आली नाही तर चूक कळवून मोटर बंद ठेवायची. आता १२ व्होल्ट बंद ठेवून बोर्ड सुरू केला: पाच सेकंद, चुकीचा संदेश, शांत. मुद्दाम अडकणारी ओळ घालून वॉचडॉगही चालवून पाहिला, बोर्ड एकदाच रीसेट होऊन उभा राहिला. फ्यूज आणि फर्मवेअर हे दोन्ही बदल जोड बोर्डावरही केले. आता दोघे जुळे. बॉड ११५२००, रास्पबेरी पायवरच्या सेटिंगमध्येही बदलला.

८ जून २०२४

छिद्रांचा सेन्सर. इन्फ्रारेड एलईडी आणि समोर फोटोट्रान्झिस्टर, वाचन ० ते १०२३. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात, कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र अडवते. त्यामुळे कृष्णधवलवर छिद्र आणि फिल्म यांत मोठा फरक दिसतो आणि रंगीतवर अगदी थोडा, दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या ८ टक्क्यांएवढाच. मोजले: छिद्रात ८६०, रंगीत फिल्मवर ७९०. जुनी मर्यादा ८४० होती, ती छिद्राच्या फार जवळ. मधोमध ८२५ ठेवली.

पण हे आकडे सकाळी ३१ अंशांतले. दुपारी खोली ३९ अंशांवर गेल्यावर छिद्राचे वाचन ८४२, फिल्मचे ७७४. मधला बिंदू १७ने खाली सरकला आणि ८२५ छिद्राच्या जवळ गेली. स्थिर मर्यादेवर दिवसभर भिस्त ठेवता येत नाही. नव्या फर्मवेअरमध्ये रीळ सुरू होताना पहिल्या २० छिद्रांवरून मर्यादा काढायची सोय केली. ३० मेला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, नंतर हवामान खात्याने सेन्सरचा बिघाड असल्याचे सांगितले. सेन्सरचा आकडा दुसऱ्या कशाशी तरी ताडल्याशिवाय कॅलिब्रेशनमध्ये जाऊ नये. म्हणून २० छिद्रांतून निघालेली मर्यादा ७८० ते ८५०च्या बाहेर असेल तर यंत्र थांबून विचारते.

१५ जून २०२४

पूर्ण लांबीची चाचणी. ५० फूट, म्हणजे १५.२४ मीटर, पांढरा लीडर, सुपर ८ मापाचा, दर १०० फ्रेमला काळ्या मार्करने ठिपका. ५० फुटांच्या रिळात ३६०० फ्रेम असल्याने ३६ ठिपके.

सेन्सर चालू: सगळे ठिपके जागेवर. सेन्सरवर काळी टेप लावून, नुसत्या हिशेबावर: शेवटचा ठिपका फ्रेमच्या दहाव्या भागाने मागे. जुने फर्मवेअर याच लीडरवर अर्ध्या फ्रेमच्या वर चुकत होते. अपूर्णांकाचा हिशेब ०.०३ गुणिले ३६०० म्हणजे १०८ स्टेप, ते जुळते. 

ताण-भुजा हाताने सोडली: मोटर आणि दिवा लगेच बंद. चालू असताना १२ व्होल्ट काढले, ५ व्होल्ट काढले, दोन्ही काढले, प्रत्येकी दहा वेळा. ईईप्रॉम दर वेळी वाचून ताडला. एक बाइट हलला नाही.

२९ जून २०२४

हवा दमट झाली आहे, सकाळी खोलीत आर्द्रता ७४ टक्के. रिळे सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवली, लगेच चढवली नाहीत.

पहिले खरे रीळ, साधी ८ मिमी, रंगीत. डबा उघडताच व्हिनेगरचा वास, म्हणजे फिल्मचा ॲसिटेटचा पाया आंबू लागला आहे. अशी फिल्म आकसते. १०० छिद्रांची लांबी पट्टीवर मोजली: ३८१ऐवजी ३७८ मिमी, ०.८ टक्के कमी. या रिळापुरती स्टेप-संख्या १९२.६०ऐवजी १९१.०८ दिली. जुन्या फर्मवेअरमध्ये हा आकडा १९१ किंवा १९२ असाच ठेवता आला असता. छिद्रे सलग ६० फ्रेम फाटलेला एक पट्टा मधे होता, तिथे चित्र रेषेत राहिले.

यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे: चिपचे तिन्ही फ्यूज, बॉड, दोन्ही फर्मवेअरच्या फाइलींची नावे आणि त्यांचे एसएचए-२५६ची पहिली आठ अक्षरे, ईईप्रॉममधले आकडे, आणि सर्वात वर मोठ्या अक्षरांत 'फिल्म काढा, १२ व्होल्ट काढा'. जोड बोर्ड त्याच पेटीत, लेबल लावून. पुढचे रीळ १६ मिमी, १०० फूट, आधी हाताने गुंडाळून फिल्मचे जोड तपासायचे.